एसेक्सच्या रानात रॉकेटचे खड्डे शोधताना

२८ ऑक्टोबर २०२३, शनिवार

आज कामाला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या चेम्सफर्डच्या पश्चिमेला दहा किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा एक चौकोन धरला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या व्ही-२ रॉकेटनं पाडलेले किती खड्डे त्यात आज शिल्लक आहेत, ते बघायचं आहे. खणायचं काहीच नाही, फक्त शोधायचं, मोजायचं आणि लिहून ठेवायचं. आपल्या भागात हेच काम कुणाला करावंसं वाटलं तर माझ्या चुका त्याला पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून या नोंदी.

मी मूळची मेहकरची. लोणारचं विवर आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. लहानपणी तिथं गेलं की आधी चढ लागायचा आणि मग एकदम खाली पाणी दिसायचं. वरून काही येऊन आदळलं की माती बाहेर फेकली जाते आणि काठ उचलला जातो, हे मला पुस्तकाच्या आधी पायांनी शिकवलं. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर आहे आणि मी शोधतेय ते खड्डे दहा-पंधरा मीटरचे, तरी नजर तीच लागते.

एसेक्सच का, तर रॉकेटं नेदरलँड्समधल्या हेगच्या आसपासून लंडनवर सोडली जायची, तीनशेहून जास्त किलोमीटरवरून, आणि जी कमी पडायची ती वाटेत एसेक्सवर उतरायची. ८ सप्टेंबर १९४४ ते २७ मार्च १९४५ या साडेसहा महिन्यांत इंग्लंडवर हजारावर पडली. लंडन विभागात ५१७ आणि एकट्या एसेक्समध्ये ३७८. त्यातली पुष्कळशी शेतात, रानात, कुरणात. माणसं दगावली नाहीत म्हणून तिथं पाटी लागली नाही आणि कुणी लक्षातही ठेवलं नाही.

साधनं अशी: घरचा लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर आणि पर्यावरण खात्यानं विमानातून लेझरनं केलेल्या मोजणीची माहिती, म्हणजे लायडार. तीही फुकट मिळते, पाच-पाच किलोमीटरच्या तुकड्यांत. चार तुकडे उतरवून घेतले. आजचा खर्च शून्य.

५ नोव्हेंबर, रविवार

आठवडा वाया गेला. लायडारचे दोन प्रकार असतात. एकात झाडं, घरं, कुंपणं सगळं धरून वरचा पृष्ठभाग येतो, दुसऱ्यात ते सगळं काढून टाकून उघडी जमीन येते. मी पहिला उतरवला होता. सहा संध्याकाळी बसून रानातले "गोल खड्डे" टिपत होते, ते झाडांच्या शेंड्यांमधल्या फटी निघाल्या. तुकडे उतरवताना डीटीएम लिहिलेला घ्या. डीएसएम घेऊ नका.

दुसरी चूक आजचीच. वैतागून लॅपटॉप बंद केला आणि नकाशात आधीपासून डोळ्यात भरलेला एक खड्डा बघायला निघाले. शेताच्या मधोमध, पायवाटेपासून चाळीस पावलांवर, कंपासनं काढल्यासारखा गोल, भोवती काटेरी झुडपांचं कडं. बघितल्याबरोबर छाती धडधडायला लागली. पंचवीस फोटो काढले. घरी येऊन नवऱ्याला, मुलीला दाखवले.

पायवाट सोडून आत जाणं चूक होतं. इथं पायवाटेवरून चालायचा हक्क आहे, शेतात शिरायचा नाही. दुरून ट्रॅक्टर थांबला आणि चालकानं हात केला, तेव्हा शरमले. यापुढे परवानगीशिवाय पायवाट सोडायची नाही.

गमबूट २८ पौंड, पेट्रोल धरून ३५.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. काम बंद.

१८ नोव्हेंबर, शनिवार

जमिनीचा लायडार घेतला, सॉफ्टवेअरमध्ये सूर्य वायव्येला आणि नंतर ईशान्येला ठेवून सावल्या पाडल्या. एकाच बाजूनं प्रकाश टाकला तर काही खड्डे दिसतच नाहीत, दोन्ही बाजूंनी बघायला हवं. आठ ते वीस मीटर व्यासाचं जे जे गोलसर दिसलं ते सगळं टिपलं. एकूण १४३.

बुधवारी सासरे आले, चार महिन्यांसाठी. अण्णा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेत. बुलढाणा जिल्ह्यातले निम्मे धुरे, म्हणजे शेतांच्या हद्दी, त्यांच्या पायाखालून गेलेत. आल्या आल्या विचारलं, "हे काय मांडलंय?" मी सांगितलं. चहा संपेपर्यंत गप्प बसले, मग म्हणाले, "अगं, आधी जुना गावनकाशा काढ. जे जुन्या नकाशात आहे ते रॉकेटनं कसं पडेल?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं इंग्लंडचेही जुने सर्वेक्षण नकाशे आजच्या नकाशावर बसवून खुले ठेवलेत. पंचवीस इंचाला एक मैल या प्रमाणाचे, म्हणजे झाडंसुद्धा दिसतात. डावीकडे जुना, उजवीकडे आजचा उपग्रह फोटो, असे दोघांनी मिळून तीन संध्याकाळी बघितले. पाच तारखेचा माझा गोल खड्डा १८७० च्या दशकातल्या नकाशात तळं म्हणून काढलेला आहे, त्याच जागी, त्याच आकाराचा.

इकडे अशा तळ्यांची रेलचेल आहे. चेम्सफर्डच्या या बाजूची माती चिकण आणि चुनकट. पूर्वी शेतकरी शेतात खड्डा घेऊन ती चुनकट माती वर काढायचे आणि खत म्हणून पसरायचे. त्याशिवाय विटांची माती, खडी, गुरांचं पाणी. प्रत्येक खड्ड्याला दोनशे वर्षं जुनं कारण असू शकतं. १४३ पैकी ११२ जुन्या नकाशात सापडले, उरले ३१. पुढच्या आवृत्तीचे, १९२० च्या सुमाराचे नकाशे बघून आणखी १२ गेले. उरले १९.

२ डिसेंबर, शनिवार

१९ मधून आणखी दहा काढले. चार खड्डे एका ओळीत होते, साधारण सारख्या अंतरानं. विमानातून एकामागून एक सोडलेल्या बाँबचं हे लक्षण. रॉकेट एकटं येतं. व्ही-१, म्हणजे आधीचं पंखांचं उडतं बाँब, बहुतेक वेळा जमिनीच्या वरवर फुटायचं, त्याचा खड्डा उथळ. व्ही-२ मात्र ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगानं उभं येऊन जमिनीत घुसायचं आणि त्याच्या टोकात जवळजवळ एक टन स्फोटक असायचं. म्हणून मऊ मातीत त्याचा खड्डा खोल. बाकीचे सहा उघड उघड रस्त्याकडेची खडीची खाण होते.

उरले ९. त्यातले सात झाडीत आहेत. अण्णा म्हणाले, ते साहजिक आहे, शेतातला खड्डा कोण ठेवील? पुढच्या पेरणीआधी काठाची माती आत लोटून नांगर फिरवला असणार. रानात ती गरज पडत नाही.

मला एक शंका राहिली. पंचवीस इंची नकाशा काढणाऱ्यानं दाट झाडीतला प्रत्येक खड्डा टिपला असेलच असं नाही. त्यामुळे "जुन्या नकाशात नाही" एवढ्यावर मी कुठल्याच खड्ड्याला रॉकेटचा म्हणणार नाही.

९ डिसेंबर, शनिवार

राष्ट्रीय अभिलेखागार, लंडनमधल्या क्यू इथं. वाचक कार्ड फुकट आहे, पण ओळख आणि पत्ता दाखवणारी दोन कागदपत्रं न्यावी लागतात. कागद आधी मागवून ठेवायचे. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिल चालते. आपल्या फोननं फोटो काढायला पैसे पडत नाहीत. रेल्वेचं तिकीट, दुपारचं खाणं मिळून ४१ पौंड.

गृहखात्याची बाँब-गणना एचओ १९८ या मालिकेत आहे आणि नकाशे एचओ १९३ मध्ये. लांब पल्ल्याच्या रॉकेटला तेव्हा "बिग बेन" हे सांकेतिक नाव होतं, कागदात तेच शोधायचं. सुरुवातीला सरकारनं रॉकेट पडताहेत हे लोकांपासून लपवलं, गॅसची वाहिनी फुटली असं पसरू दिलं. चर्चिलनं संसदेत कबुली दिली ती १० नोव्हेंबर १९४४ ला, म्हणजे दोन महिन्यांनी. तोवर खेड्यातला पोलीस आणि नागरी संरक्षणाचा स्वयंसेवक मात्र रोज खड्डे मोजून वर कळवत होते. तारीख, वेळ, गाव, ठिकाणाचे आकडे, खड्ड्याची लांबी-रुंदी फुटांत, नुकसान. पहाटे, थंडीत, टेप धरून मोजलेलं. त्या कागदांवरचं अक्षर बघून अण्णांची आठवण झाली, तेही असंच लिहितात, शून्याच्या पोटात टिंब.

माझ्या चौकोनातल्या सात नोंदी मिळाल्या. त्यांतले खड्डे बहुतेक तीस ते पन्नास फूट रुंद.

१६ डिसेंबर, शनिवार

सातपैकी पाच ठिकाणचे आकडे आजच्या नकाशाच्या जाळ्यात, म्हणजे जागा सांगणाऱ्या उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटीत, टाकले. लायडारमध्ये त्या जागी काहीच नाही. तरी दोन ठिकाणी पायवाटेवरून जाऊन आलो, चिखल तुडवत, एकूण चौदा किलोमीटर. काही नाही. अण्णांचे गुडघे सुजले, आणि ते माझ्यामुळे.

१७ डिसेंबर, रविवार

कारण सापडलं. युद्धकाळात लष्करानं आणि नागरी संरक्षणानं वापरलेलं नकाशाचं जाळं वेगळं होतं, कॅसिनी प्रक्षेपावरचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एका वेगळ्या पद्धतीवरचं. आजचं राष्ट्रीय जाळं नकाशांवर आलं ते युद्धानंतर. दोन्हींचे आकडे दिसायला सारखे, तीन पूर्वेचे, तीन उत्तरेचे, पण आरंभबिंदू वेगळा. मी जुने आकडे नव्या जाळ्यात घातले आणि चुकीचा बिंदूही एसेक्समध्येच पडला, त्यामुळे संशय आला नाही. कागदावर गावाचं नाव स्पष्ट लिहिलं होतं आणि माझा बिंदू दुसऱ्याच गावात होता. ते जुळवून बघितलं असतं तर कालचा शनिवार वाचला असता.

आता क्रम असा ठरवला: आधी गावाचं नाव, मग शेतघराचं नाव जुन्या सहा इंची नकाशात, मग जाळ्याचे आकडे बदलून घ्यायचे, आणि दोन्ही एकाच ठिकाणी आले तरच पुढे जायचं. सहा आकड्यांची जागा म्हणजे शंभर मीटरचा चौकोन असतो हेही ध्यानात ठेवायचं. लिहिणाऱ्यानं अंधारात अंदाजानं टाकलेली असेल तर त्याहून सैल.

१९ डिसेंबर, मंगळवार

आज रजा घेतली. १९४४ मध्ये याच तारखेला चेम्सफर्डमध्ये हेन्री रोडवर व्ही-२ पडलं, हॉफमन बॉल बेअरिंगच्या कारखान्याशेजारी. ३९ माणसं गेली. मी या गावात अकरा वर्षं राहते आणि त्या रस्त्यावरून रोज मुलीला शाळेत सोडायचे. ठाऊक नव्हतं. अण्णा आणि मी सकाळी जाऊन उभे राहिलो. अण्णांनी टोपी काढली.

६ जानेवारी २०२४, शनिवार

आकडे नीट बदलल्यावर सातपैकी तीन नोंदी माझ्या ९ खड्ड्यांपैकी तिघांच्या दोनशे मीटरच्या आत येतात. सर्वांत चांगली जोडी एका शेतालगतच्या जुन्या रानात आहे. कागदावर जानेवारी १९४५ मधली एक रात्र, खड्डा चाळीस फूट, शेतघराची कौलं आणि खिडक्या फुटल्या, मनुष्यहानी नाही.

शेतमालकाला पत्र लिहिलं. फोन नाही, मेल नाही, हातानं लिहिलेलं, दोन नकाशे जोडून. त्यात स्पष्ट लिहिलं की धातुशोधक आणणार नाही, खणणार नाही, कुणाला जागा सांगणार नाही. गावाचं नाव इथंही देत नाही, ती त्यांची अट आहे.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. शेतमालकांनी संध्याकाळी बोलावलं होतं. वय ऐंशीच्या आसपास, शेत आता मुलगा बघतो. अण्णांनी आग्रहानं तिळगुळाचा डबा घेतला. आजोबांनी एक लाडू खाऊन डबा आपल्याजवळच ठेवला आणि बोलायला लागले. ते तेव्हा तान्हे होते, पण आई नेहमी सांगायची: आधी स्फोट झाला, खिडक्या आत आल्या, आणि मग, सगळं झाल्यावर, वरून आगगाडी गेल्यासारखा घरघराट आला. रॉकेट आवाजाच्या पुढे पळत असल्यामुळे त्याचा आवाज मागून पोचायचा. तिला आयुष्यभर त्या मागून आलेल्या आवाजाचीच भीती वाटायची, स्फोटाची नाही.

"खड्डा मी दाखवतो," म्हणाले. "आम्ही त्याला रॉकेटचा खड्डा म्हणतो. पण एक फेब्रुवारीनंतर या." तोवर फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो, रानात बंदुका चालतात. रान बघायला हिवाळाच हवा, पानं झडलेली हवीत, पण हंगाम संपेपर्यंत थांबणं भाग आहे. तुम्ही ही कामं आखाल तेव्हा फेब्रुवारी हाच महिना धरा. पुढे मार्चमध्ये पाखरांची घरटी सुरू होतात.

३ फेब्रुवारी, शनिवार

आजोबांनी नेलं. शेताच्या कोपऱ्यातलं तळं, वीसेक मीटरचं, काठावर ओक. "हाच." मी काही बोलले नाही. हा माझ्या १४३ मधला होता आणि मी तो पहिल्याच फेरीत वगळला होता, कारण तो १८७० च्या दशकातल्या नकाशात आहे. शिवाय काठावरचा ओक दीडशे वर्षांचा तरी असेल. ज्या स्फोटानं कौलं उडाली तो त्या झाडाच्या बुंध्याशी झाला असता तर झाड उभं राहिलं नसतं.

त्यांना ते सांगावं की नाही, रात्रभर विचार केला. अण्णा म्हणाले, "खात्यात असताना शंभर वेळा बघितलंय. म्हातारा माणूस शपथेवर सांगतो, दगड इथंच होता. खोटं बोलत नसतो तो. बघ, लोकांनी त्या तळ्यात काय टाकलं होतं ते विचार."

४ फेब्रुवारी, रविवार

विचारलं. वडिलांनी रॉकेटचे तुकडे, मोडका पत्रा, नळ्या सगळं गोळा करून त्या तळ्यात लोटलं होतं, गुरांच्या पायाला लागू नये म्हणून. त्यामुळे नाव पडलं. जुना नकाशा दाखवल्यावर आजोबा बराच वेळ त्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग पडलं कुठं?" आणि रानाची किल्ली दिली.

१० फेब्रुवारी, शनिवार

सापडलं असं म्हणायला आज पहिल्यांदा जीभ धजावते.

तळ्यापासून दोनशे मीटरवर, रानाच्या आत. हॉर्नबीमची झाडी, जुन्या पद्धतीनं बुंध्यापासून छाटून छाटून वाढवलेली, एकेका बुडख्यातून सात-आठ खोडं वर आलेली. मधेच एक मोकळी जागा, तिथं खड्डा. पाणी फूटभर, काळं, पानांनी भरलेलं. काठावर फक्त बर्च, मांडीएवढे, एकही जुना हॉर्नबीम नाही.

मी फोटो काढत होते. अण्णा खड्ड्याकडे न बघता पाठ करून उभे होते. रानाच्या हद्दीवर मातीचा एक जुना बांध आहे, गुडघ्याएवढा, शेजारी चर. असे बांध इथल्या जुन्या रानांना शेकडो वर्षांपासून आहेत. अण्णा त्या बांधावरून चालत खड्ड्यापर्यंत आले. खड्ड्याच्या काठाशी बांध संपला. त्यांनी खड्ड्याला वळसा घातला आणि पलीकडे उभे राहून हाक मारली, "सूनबाई, धुरा इकडून पुन्हा सुरू होतो."

मी काठी जमिनीत रोवून नजर लावली. बांध सरळ रेषेत येतो, खड्ड्यात नाहीसा होतो, त्याच रेषेत पलीकडे निघतो. वळलेला नाही. खड्डा आधी असता तर बांध घालणाऱ्यानं त्याला वळसा दिला असता. पंचवीस इंची नकाशात ती हद्द अखंड काढली आहे. म्हणजे खड्डा बांधानंतरचा आणि नकाशानंतरचा. झाडीतला खड्डा नकाशा काढणाऱ्याकडून राहून गेला असेल ही माझी शंका इथं मिटते, कारण हद्दीची रेघ तर त्यानं साखळी धरून मोजली होती. खड्डा असता तर त्याला त्यात उतरावं लागलं असतं.

अण्णा म्हणाले, "चाळीस वर्षं धुरे मोजले, मधे खड्डा पडलेला धुरा पहिल्यांदा बघितला."

१७ फेब्रुवारी, शनिवार

मोजणी. भाड्यानं यंत्र घ्यायचं तर दिवसाला जेवढे मागत होते तेवढ्यात आमचं सगळं सामान आलं. अण्णांनी गवंड्याची पद्धत काढली, लेव्हलची नळी. पारदर्शक नळी, बारा मिलिमीटरची, वीस मीटर, ११ पौंड. पाण्यात जिलेबीचा रंग, म्हणजे पातळी दिसते. दोन बांबू, त्यांवर दर सेंटिमीटरला खुणा. खड्ड्यावरून उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन दोऱ्या ताणल्या आणि दर मीटरला उंची घेतली.

सकाळचे तीन तास फुकट गेले. दोरीच्या दोन टोकांची उंची परत मोजली तर ११ सेंटिमीटरचा फरक. पुन्हा केलं, आता ७. नळी पानांवरून ओढली तेव्हा मधे हवेचा बुडबुडा शिरला होता, बोटभर लांब. तो झटकून, नळी उभी धरून, पाणी पुन्हा भरून घेतलं, मग फरक सेंटिमीटरच्या आत आला. नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पातळी एक आहे ना ते बघायचं आणि दर दहा मापांनंतर पुन्हा बघायचं. आम्ही पहिल्यांदा बघितलं नाही.

काठापासून काठापर्यंत उत्तर-दक्षिण १३.६ मीटर, पूर्व-पश्चिम १३.१. कागदावरचे चाळीस फूट म्हणजे १२.२ मीटर. ऐंशी वर्षांत काठ ढासळून थोडा रुंद होणारच. पश्चिमेचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ४० सेंटिमीटर उंच आहे, पावलाला चढ जाणवतो. पूर्वेला काठ उरलेला नाही, तिथून लाकडं ओढायची वाट गेली आहे. काठापासून गाळाच्या वरच्या थरापर्यंत खोली १.९ मीटर.

१८ फेब्रुवारी, रविवार

गाळ किती आहे ते बघायला सळई घेऊन गेले. एकटी गेले, ही चूक. पाण्याच्या कडेला पानांचा थर जमिनीसारखा दिसत होता, त्यावर पाय दिला आणि मांडीपर्यंत आत गेले. चिखल बुटाला धरून ठेवतो, ओढलं की पाय निघतो, बूट राहतो. बर्चची फांदी हाताशी होती म्हणून बाहेर आले. फोन गेला. त्यात आठ तारखेपासूनचे फोटो होते, दुसरीकडे ठेवलेले नव्हते. त्या खड्ड्याशी एकट्यानं जाऊ नका. कमरेला दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस.

त्याआधी सळई तीन ठिकाणी घातली होती. सरासरी १.३ मीटर मऊ गाळ, मग चिकणमातीला टेकते. म्हणजे मूळ खोली सव्वातीन मीटरच्या आसपास.

२४ फेब्रुवारी, शनिवार

जानेवारीच्या वादळात पश्चिम काठावरचा एक बर्च उन्मळून पडलाय, मुळांसकट मातीचा उभा पडदा वर आलाय. त्या मुळांत अण्णांना पत्रा दिसला. तळहाताएवढा, दुमडलेला, गंजून तपकिरी. आजोबांना फोन करून विचारलं, ते म्हणाले बघा. घट्ट, गोल, डब्यासारखं, नळकांड्यासारखं काही असतं तर हात न लावता मागे फिरून पोलिसांना कळवलं असतं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. हा सपाट पत्रा होता.

पातळ पोलाद. एका कडेला ओळीनं बारीक गोल खळगे, सारख्या अंतरावर, ठिपका-वेल्डिंगचे. घडीच्या आत काहीतरी पिवळसर, केसांच्या गुंत्यासारखं, मातीनं चिकटलेलं. मी ते कापूस समजले. भिंगातून बघितलं तर काचेचे तंतू. व्ही-२ च्या टाक्या आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये काचेची लोकर भरलेली असायची, कारण एका टाकीत अतिथंड द्रव प्राणवायू असायचा. १९४५ च्या एसेक्समध्ये कुठल्या नांगरात, कुठल्या पाणबंबात पत्र्याच्या घडीत काचेची लोकर असेल, मला सांगता येत नाही.

तो पत्रा हातात धरून मी बराच वेळ बसले होते. ही रॉकेटं जर्मनीतल्या नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत बनायची, मिटेलबाऊ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून. सुमारे साठ हजार माणसं तिथं आणली गेली, त्यातली वीस हजारांच्या आसपास मेली. रॉकेटं पडून जेवढी माणसं मेली त्यांहून ही जास्त. त्या ठिपक्यांची ओळ सरळ आहे, कुठेही चुकलेली नाही. कुणीतरी ती उपाशीपोटी केली आहे. खड्डा शोधायला निघाले तेव्हा मी फक्त पडलेल्या बाजूचा विचार करत होते. आता नोंदवहीच्या पहिल्या पानावर डोराचं नाव लिहिलं आहे.

फोटो काढले, माप घेतलं, पत्रा आजोबांच्या हवाली केला. त्यांच्या जमिनीतला आहे, त्यांचा आहे.

२ मार्च, शनिवार

काम थांबवलं. आजोबांच्या मुलाला पर्यावरणाच्या कामानिमित्त येणाऱ्या बाईंनी आठवण करून दिली की अशा रानतळ्यात मोठे कलगीवाले न्यूट, म्हणजे पालीसारखे दिसणारे उभयचर, असू शकतात, कायद्यानं संरक्षित, आणि फेब्रुवारी-मार्चपासून ते पाण्यात उतरतात. गाळात सळई घालण्याआधी मी हे विचारायला हवं होतं. पाणी आणि काठ यांना हात लावणारं सगळं बंद.

आतापर्यंतचा खर्च, पौंडात: बूट २८ आणि हरवल्यावर दुसरे ३२, क्यू ४१, नळी ११, बांबू, दोरी, रंग ९, पेट्रोल अंदाजे ७०. फोन वेगळा. वेळ सुमारे १५० तास, त्यातले चाळीस-पन्नास तास चुकीच्या लायडारमध्ये, चुकीच्या जाळ्यात आणि बुडबुड्यात गेले.

हाती काय लागलं: १४३ पैकी एक खड्डा, ज्याच्यासाठी कागद, नकाशा, बांध, माप आणि पत्रा पाचही एकाच बाजूनं बोलतात. दोन खड्डे संभवनीय, कागदाशी जुळतात पण जमिनीवरचा पुरावा नाही, एकाला अजून परवानगी नाही. बाकी सहांबद्दल मी काही म्हणणार नाही.

१६ मार्च, शनिवार

मोजमाप, नकाशे, कागदांचे क्रमांक आणि फोटो (दुसऱ्या फोननं पुन्हा काढलेले) एसेक्स परगण्याच्या पुरातत्त्व नोंदवहीकडे पाठवले. जागा जाहीर करू नये असं मालकाचं म्हणणं सोबत जोडलं.

अण्णांचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यातलं आहे, म्हणून दोघं निरोप घ्यायला गेलो. आजोबांनी तिळगुळाचा डबा परत दिला, त्यात घरच्या कोंबड्यांची अंडी. बोलता बोलता मुलगा म्हणाला, यंदा चर साफ केल्यावर निघणारा गाळ रानातल्या त्या खड्ड्यातच टाकायचं ठरलं होतं, ट्रॉल्या नेऊन. वाट तिथवर जातेच, आणि खड्डा कशाचा ते कुणाला माहीत नव्हतं. येताना बघितलं. ट्रॉल्यांची चाकोरी वाटेवरून येते, रानाच्या फाटकाशी वळते आणि शेताच्या खालच्या कोपऱ्याकडे जाते. गाळाचा ढीग तिथं पडला आहे, अजून ओला.